मामाच्या नंबरावरचा ओटीपी

माझ्या आधार कार्डाला जोडलेला मोबाइल नंबर माझ्या मामाचा होता, आणि शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला दोन दिवस उरले तेव्हा मामा समुद्रात होता.

तो नंबर तिथे कसा गेला ते आधी सांगते. मी पाचवीत असताना आमच्या गावच्या शाळेत आधार कार्डाचं शिबिर लागलं होतं. आमचं गाव देवरूखपासून एसटीने पाऊण तासावर. दिवस पावसाळ्याचे होते. मामा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या एका बोटीवर खलाशी. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, म्हणून तो आमच्याकडे लावणीला मदत करायला आला होता. मशीनवर बसलेल्या माणसाने माझे अंगठे घेतले, डोळे घेतले आणि विचारलं, "मोबाइल नंबर?" घरात फोन नव्हता. बाबा मुंबईला एका इमारतीत वॉचमन, त्यांचा नंबर घरी कॅलेंडरवर लिहिलेला. आई माझ्याकडे बघायला लागली आणि मी आईकडे. तेवढ्यात मामा पुढे झाला. खिशातून नवा कोरा फोन काढलान, आणि एकेक आकडा सुटा करून सांगितलान.

"भाचीचा काम हाय. माझाच नंबर घाला," तो म्हणाला.

तिथे हजर असलेल्या सगळ्यांना ते फार बरं वाटलं. मलाही. पुढे आठ वर्षं त्या नंबराची कुणालाच आठवण झाली नाही.

बारावी सायन्सला मला बरे गुण पडले आणि रत्नागिरीला मायक्रोबायोलॉजीला प्रवेश मिळाला. कोर्स विनाअनुदानित, म्हणजे फी भारी. प्रवेशाच्या वेळी पहिला हप्ता बाबांनी भरला. त्यात थोडे माझेही होते, कारण परीक्षा संपल्यापासून मी देवरूखजवळच्या काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जात होते. उरलेल्या फीचं काय, हा प्रश्न घरात कुणी मोठ्याने विचारत नव्हतं. कॉलेज सुरू होऊन महिना झाल्यावर एकदा फळ्यावर सूचना लागली: ज्यांच्या घरचं उत्पन्न कमी आहे त्यांना राज्य सरकारकडून फीची सवलत आणि हॉस्टेलसाठी निर्वाहभत्ता मिळतो, अर्ज ऑनलाइन करावा. मी ती सूचना दोनदा वाचली आणि ऑफिसच्या खिडकीशी गेले.

खिडकीत एक मॅडम बसायच्या. जाड चष्मा, टेबलावर कायम आवळ्याच्या सुपारीची डबी. त्यांनी मला कागदांची यादी लिहून दिली. यादी पाठपोट होती. ती बघून माझा चेहरा उतरला असणार, कारण त्या म्हणाल्या, "हे बघ, रडायचं नाही. रडण्याला फॉर्ममध्ये कॉलम नाही. एकेक कागद आणत जा."

त्यातला सगळ्यात अवघड कागद उत्पन्नाचा दाखला. मी हॉस्टेलला, बाबा मुंबईला. म्हणजे तो आणायचा आईने. आणि आई तोवर कुठल्याही सरकारी ऑफिसची पायरी एकटी चढली नव्हती. नववीत शाळा सुटलेली, सही मात्र सुंदर. मी फोनवर यादी सांगितली, तिने गणपतीच्या आरत्यांच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली. नंतर जे घडलं ते मला तिच्याच फोनवरून तुकड्यातुकड्याने कळत गेलं.

पहिल्या खेपेला तलाठ्यांनी बाबांच्या पगाराचं पत्र मागितलं. बाबांनी इमारतीच्या सेक्रेटरींना सांगितलं. सेक्रेटरींनी मोठ्या मनाने इंग्रजीत पत्र लिहिलं: हा माणूस अतिशय प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे, दहा वर्षांत एकदाही डुलकी घेताना दिसला नाही. पगार किती ते मात्र लिहायचं राहिलं. ते पत्र आलं तसं बाबांनी प्लास्टिकमध्ये घालून जपून ठेवलं आणि दुसरं मागून घेतलं.

दुसऱ्या खेपेला तलाठ्यांनी विचारलं, "शेती आहे ना? भात किती होतं?"

"आमच्यापुरता होता," आई म्हणाली, "आणि रानडुकरांपुरता."

तलाठी हसले, आणि त्यांनी अहवाल लिहायला घेतला. आई मला फोनवर हे सांगताना इतकी खुशीत होती की मला वाटलं दाखलाच मिळाला. दाखला नव्हता मिळाला. ऑफिसातला साहेब हसला, हीच तिला मोठी गोष्ट वाटली होती. "मला वाटलेला साहेब म्हंजे ओरडतच असतात," ती म्हणाली.

तिसऱ्या खेपेला सेतूच्या खिडकीवरच्या मुलीने विचारलं, "एक वर्षाचा हवा की तीन वर्षांचा?" हे काही मी आईला सांगितलं नव्हतं. ती जरासुद्धा गडबडली नाही. म्हणाली, "दोनी द्या. पोरीला जो लागेल तो ती घेईल." आणि चौथ्या खेपेला खरोखरच दोन्ही दाखले तिच्या हातात पडले. ते तिने साडीच्या दुकानातल्या चेनवाल्या पिशवीत घातले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने स्वतः रत्नागिरीला निघाली. पोस्टावर तिचा विश्वास नव्हता.

कॉलेजच्या कॉम्प्युटर रूममध्ये आम्ही दोघी फॉर्म भरायला बसलो. आई शेजारच्या खुर्चीवर, पिशवी मांडीवर. पोर्टलवर पहिलं पान उघडलं. त्यात आधीच पडताळणी: आधार क्रमांक टाका, मग अंगठा द्या किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी टाका. शिपाईदादांनी अंगठ्याचं यंत्र जोडून दिलं. मी अंगठा ठेवला. नाही. डावा ठेवला. नाही. मग दहाही बोटं ठेवून झाली. यंत्र एकच लाल दिवा दाखवत राहिलं.

शिपाईदादांनी माझा हात धरून उजेडात बघितला. "काय करतेस हातांनी? बोटांवर रेषाच नाहीत."

काजूच्या सालीत तेल असतं, ते कातडी जाळतं. राख लावून बिया फोडल्या तरी बोटांची टोकं सोलवटतात. गौरी-गणपती गेल्यावर उरलेल्या सुट्टीत मी पुन्हा आठवडाभर कारखान्यात गेले होते. नवी कातडी अजून नीट आली नव्हती. टोकं गुळगुळीत, गुलाबी. आईने माझा हात स्वतःच्या हातात घेतला. मीच म्हटलं, "अगो, ओटीपी आहे ना. तो मागवू."

बटण दाबलं. पडद्यावर ओळ आली: ओटीपी पाठवला आहे, शेवटचे चार आकडे अमुक असलेल्या नंबरावर. ते चार आकडे आईच्या फोनचे नव्हते, बाबांच्या नव्हते, माझ्या नव्हते. आम्ही दोघी त्या चार आकड्यांकडे बघत बसलो. मग आईने एकदम कपाळावर हात मारला.

"हा तर तुझ्या मामाचा!"

मामाला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला. बाहेरच. खिडकीतल्या मॅडमना सांगितलं तर त्यांनी चष्मा काढला. आधारचा नंबर बदलता येतो, पण त्याला काही दिवस लागतात, आणि शेवटची तारीख परवा. "मुदत वाढते बऱ्याचदा," त्या म्हणाल्या, "पण वाढेल असं धरून कुणी बसू नये. मामा कुठे आहे म्हणालीस?"

"समुद्रात."

"मग जेटीवर जा. बोटींशी बोलायला त्यांच्याकडे वायरलेस असतो."

मला हे सुचलंच नसतं. आईने पिशवीची चेन लावली, आणि आम्ही रिक्षा करून मिरकरवाड्याला गेलो.

दुपारची वेळ होती. काही बोटी आत येऊन लागल्या होत्या. माणसं डोक्यावरून टोपल्या वाहत होती, बर्फाचा चुरा पायाखाली वितळत होता, आणि लिलावाच्या आरोळ्या चालल्या होत्या. आई डोंगरातली. सुकी मासळी तिने आयुष्यभर खाल्ली, पण एवढे ताजे मासे एका जागी पहिल्यांदाच बघत होती. ती मध्येच थांबून म्हणाली, "ह्या सगळ्याला गिऱ्हाईक असता?" मी तिला ओढतच पुढे नेलं. मामाच्या बोटीचं नाव सांगत, विचारत विचारत आम्ही मालकाच्या खोपटापर्यंत पोचलो.

मालक म्हातारे होते. डोक्यावर पांढरी जाळीची टोपी, अंगात बनियन, पुढ्यात फाटलेलं जाळं. सगळे त्यांना चाचा म्हणत होते, म्हणून आईनेही म्हटलं, "चाचा, मी त्या खलाशाची बहीण." मामाचं नाव ऐकताच त्यांनी जाळं बाजूला ठेवलं आणि आम्हाला बसायला प्लास्टिकची दोन खोकी उलटी करून दिली. मी सगळं सांगितलं: फॉर्म, अंगठा, नंबर, परवाची तारीख. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "म्हणजे सहा आकडे पायजेत. एवढाच ना?"

"एवढंच."

"मग बोलवू त्याला."

खोपटात फळीवर वायरलेसचा काळा खोका होता. चाचांनी माइक उचलला आणि बोटीचं नाव घेऊन तीनदा हाक मारली. खरखर. परत हाक. मग तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्या मुख्य माणसाचा, आवाज आला. चाचांनी मामाला बोलवायला सांगितलं आणि माइक आईच्या हातात दिला. आईने तो दोन्ही हातांनी धरला.

"ऐकतोस काय रे? मी बोलतेय. ताई."

पलीकडून मामाचा घाबरा आवाज: "कोण गेला?"

समुद्रावर असताना वायरलेसवर घरच्या माणसाचा आवाज आला, तर त्याचा एकच अर्थ होतो.

"कोण नाय गेला. सगळी बरी हायत. तू तुझा फोन चालू कर."

"फोन?"

"फोन! त्याच्यावर पोरीचा ओटीपी येणार हाय."

पुन्हा खरखर. मग मामा अगदी काळजीने म्हणाला, "कोण येणार हाय?"

चाचांनी हसू दाबत माइक परत घेतला आणि समजावून सांगितलं की कुणी येणार नाही, मेसेज येणार आहे, त्यात सहा आकडे असतील, ते वाचून दाखवायचे. मामाचा फोन प्लास्टिकमध्ये गुंडाळून पत्र्याच्या पेटीत होता. तो काढला, चालू केला, पण रेंज नव्हती. आता तांडेल बोलायला लागला. बोट गणपतीपुळ्याच्या समोर, पण खूप आत. जाळं पाण्यात आहे, ते ओढायला तासभर लागेल. ओढून झालं की किनाऱ्याच्या बाजूला थोडं येतो, तिथे एक-दोन काड्या रेंज मिळते. "पोरीला सांगा, थांब म्हणून," तो म्हणाला. ह्या माणसाने मला कधी बघितलंही नव्हतं. जाळं ओढून झाल्यावर दुसरीकडे जायचं सोडून तो माझ्यासाठी बोट वळवणार होता.

तो तास कसा गेला ते सांगते. चाचांनी चहा मागवला. आईने पिशवीतून कागद काढून त्यांना दाखवले, दोन्ही दाखले, आणि रानडुकरांची गोष्टही सांगितली. चाचांनी ती शेजारच्या खोपटातल्या माणसांना ओरडून सांगितली. मग त्यांनी मला विचारलं, शिकतेस काय? मी म्हटलं, जंतूंचा अभ्यास. ते म्हणाले, "मग मासं किती वेळात खराब होतात, तेही शिकवत असतील." मी म्हटलं, तो विषय तिसऱ्या वर्षाला आहे. "मग तिसऱ्या वर्षाला हिकडे ये. आम्ही शिकवू, तू पण शिकव."

चारच्या सुमाराला वायरलेस खरखरला. मामाच्या फोनवर एक काडी आली होती. मी माझ्या मोबाइलवर पोर्टल उघडलं. गोल चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, मग पान आलं. आधार क्रमांक टाकला, 'ओटीपी पाठवा' दाबलं. दहा मिनिटांची मुदत.

पाच मिनिटं झाली. सहा झाली. मग मामा एकदम ओरडला, "इला! मेसेज इला!"

"वाच, वाच!"

"'प्रिय ग्राहक, तुमचा रिचार्ज संपत आला आहे…'"

खोपटाबाहेर जमलेली माणसं मोठ्याने हसली. मला मात्र हसू आलं नाही. खरा मेसेज आला तो अकराव्या मिनिटाला. आकडे टाकले तर लाल अक्षरं: ओटीपीची मुदत संपली.

दुसऱ्यांदा मागवला. तीन वेळा चुकलं तर चोवीस तास बंद, असं खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही. ह्या वेळी मेसेज दोन मिनिटांत आला. मामाने घसा खाकरला आणि तो वरून खाली प्रामाणिकपणे वाचायला घेतलान: "'हा ओटीपी कुणालाही सांगू नका…'" तो थांबला. "ताय, कुणाला सांगू नको म्हणतायत."

"मी कुणी हाय काय? सांग!" आई ओरडली.

मामाने आकडे सांगायला सुरुवात केली. पाच. शून्य. मग जी खरखर सुरू झाली ती थांबेना. तिसरा सात की आठ, चौथा काय, काहीच कळेना. मी पडद्यावर सरकणारी वेळ बघत होते. तेवढ्यात त्या खरखरीतून एक तिसराच, स्वच्छ आवाज आला.

"सात नाय, आठ बोलला तो. मी मध्ये हाय, मला चांगला ऐकू येतोय. लिवा. पाच, शून्य, आठ…"

ती दुसऱ्याच कुणाची तरी बोट होती, घरी परतणारी, मामाच्या बोटीच्या आणि बंदराच्या मधोमध. त्या अनोळखी माणसाने मामाकडून एकेक आकडा घ्यावा आणि आम्हाला द्यावा. मामा बोलायचा, तो बोलायचा, आई मोठ्याने म्हणायची, मी टाकायचे. पाच, शून्य, आठ, आठ, दोन, सहा. माझ्या गुळगुळीत बोटाने मी हिरवं बटण दाबलं.

चक्र फिरलं. मग पानावर माझं नाव आलं, जन्मतारीख आली, आणि पाचवीतल्या त्या दिवशीचा फोटो आला: दोन वेण्या, डोळे टक्क उघडे. बाजूला हिरवी खूण.

"झालं," मी म्हटलं. पहिल्यांदा कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून परत म्हटलं, "झालं!"

चाचांनी माइकमध्ये सांगितलं, "झाला रे, झाला!" आणि त्यानंतर त्या खोक्यातून जो गलका आला तो मी विसरणार नाही. आम्हाला वाटत होतं फक्त दोन बोटी ऐकतायत. किती बोटी कान लावून बसल्या होत्या कुणास ठाऊक. एकाने भोंगा वाजवला, तो वायरलेसवर ऐकू आला. एकाने विचारलं, "पोरगी पास झाली काय?" चाचा म्हणाले, "पास नाय, आता फॉर्म भरायला मिळेल." त्यावर तो माणूस थक्क होऊन म्हणाला, "एवढा करून अजून फॉर्म भरायचाच हाय?"

आई हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. शेवटी तिने माइक मागून घेतला. ती म्हणाली, "सगळ्यांनी संभाळून या हां," आणि माइक चाचांच्या हातात देऊन खोक्यावर बसली.

एकदा आत शिरल्यावर पुढच्या मेसेजसाठी मला माझा स्वतःचा नंबर देता येत होता. बाकीचा फॉर्म दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या मॅडमसमोर बसून भरला. त्यातही भानगडी झाल्या. रेशन कार्डाचा फोटो मोठा झाला, मग छोटा केला तर वाचता येईना. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात काय निवडायचं यावर पाच मिनिटं गेली. आईने आणलेल्या दोन दाखल्यांतला एक वर्षाचा लागला. मॅडमनी शेवटचं बटण मला स्वतःला दाबू दिलं नाही. म्हणाल्या, आईला दाबू दे. आईने पदराला बोट पुसलं आणि दाबलं. प्रिंट निघाली. मॅडमनी तिच्यावर शिक्का मारला आणि डबी पुढे केली. आम्ही दोघींनी आवळा सुपारी खाल्ली.

मुदत नंतर वाढलीच, आणखी पंधरा दिवस. मॅडमनी मला बोलावून सांगितलं तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं, की उगीच एवढी धावपळ केली. पण मला मनातून आनंदच झाला. मुदत आधीच वाढली असती तर आम्ही निवांत आधारचा नंबर बदलला असता, आणि आई मिरकरवाड्याला गेलीच नसती.

मामाची बोट फॉर्म भरल्याच्या दुसऱ्या दिवशी आत आली. मी कॉलेज सुटल्यावर गेले. खलाशी टोपल्या उतरवत होते. मला बघून एक जण ओरडला, "अरे, पाच-शून्य-आठ-आठ आली!" मग मला कळलं की बोटीवर सगळ्यांना माझा ओटीपी पाठ झाला होता. मामा गर्दीतून वाट काढत आला. अंगाला मासळीचा वास, डोळे लाल, पण चेहरा असा खुललेला की जणू फॉर्म त्यानेच भरला होता. त्याने मला विचारलं, "बाय, फॉर्मात माझं नाव लिवलंस काय?" मी म्हटलं, मामासाठी रकाना नाही. "नसू दे," तो म्हणाला, आणि पेपरात गुंडाळलेली सुरमई माझ्या हातात दिलान. हॉस्टेलवर मासे शिजवायची परवानगी नव्हती. ती सुरमई मी मॅडमच्या घरी नेऊन दिली. त्यांनी नको म्हटलं, मग किंमत विचारली, मग मलाच रात्री जेवायला ठेवून घेतलं.

बोट वळवणाऱ्या तांडेलाला मी त्या दिवशी भेटले. उंच, अबोल माणूस. मी आभार मानले तर तो म्हणाला, "आमच्या घरी पण मुलगी हाय, सातवीत. तिच्या आधारला कोणाचा नंबर हाय ते आजच बघतो."

अर्ज कॉलेजने पुढे पाठवला, मग जिल्ह्याच्या ऑफिसात महिनोन्‌महिने तपासणी चालली. मी रोज स्टेटस बघायचे. 'प्रलंबित' हा शब्द मला इतका ओळखीचा झाला की तो दिसला नाही तर चुकल्यासारखं वाटलं असतं. आणि एक दिवस तो खरोखरच दिसला नाही. प्रॅक्टिकल चालू होतं, मधल्या सुट्टीत मोबाइल बघितला तर हिरव्या अक्षरात 'मंजूर'. पैसे खात्यात यायला आणखी दीड महिना लागला. आधी फीची सवलत, मग निर्वाहभत्ता. बाबांना फोन केला तेव्हा ते ड्यूटीवर गेटपाशी होते. त्यांनी इमारतीत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. सेक्रेटरींनी म्हणे मलासुद्धा एक पत्र लिहून द्यायची तयारी दाखवली.

त्यानंतर आई रत्नागिरीला आली ती कॉलेज बघायला. आधीच्या खेपेला तिने फक्त कॉम्प्युटर रूम आणि खिडकी बघितली होती. येताना ती माझ्यासाठी डब्यात दहीभात घेऊन आली. मी तिला प्रयोगशाळेत नेलं. आमच्या सरांना विचारलं, आईला मायक्रोस्कोपमधून काहीतरी दाखवू का? सरांनी डब्याकडे बघितलं आणि म्हणाले, "दही आणलंय ना, तेच दाखव."

मी थेंबभर दही काचपट्टीवर पसरलं, वाळवलं, दिव्यावरून फिरवलं, जांभळा रंग चढवला, धुतलं. आई शेजारी उभी राहून चुलीवरचं बघावं तसं बघत होती. मग मी नळी खाली-वर करून नेमकं जमवलं आणि तिला उंच स्टुलावर बसवलं. आधी तिला फक्त स्वतःच्या पापण्या दिसल्या. मग ती आणखी खाली वाकली.

"दिसलं?"

"जांभळी माणका दिसतायत. आणि काड्या. काय हाय हे?"

"दह्यातले जंतू. दुधाला विरजण लावतेस ना, ते दूध हेच आंबवतात."

ती काही वेळ डोळा हलवेना. मग हळूच म्हणाली, "म्हंजे लग्न झाल्यापासून मी ह्यांना सांभाळतेय?"

"रोज. विरजण ठेवतेस म्हणजे ह्यांनाच ठेवतेस."

"आणि मला कुणी सांगितला नाय," ती म्हणाली. पण तक्रारीच्या सुरात नाही, खुशीत. सर मागे उभे राहून हसत होते. दुसऱ्या मुली आपापली टेबलं सोडून आल्या, तरी ती स्टुलावरून उतरली नाही. एकीला तिनेच जागा करून दिली आणि सांगितलं, "डावीकडे बघ, तिथे जास्त हायत."

संध्याकाळची एसटी तिने सोडली, नंतरची धरली. स्टँडवर गाडीत चढताना मागे वळून विचारलं, "लोणच्यात पण असतात काय गो?"

पुढच्या खेपेला ती तीन बाटल्या घेऊन आली. एकीत लोणचं, एकीत ताक, एकीत आदल्या रात्री भिजवून वाटलेलं आंबोळीचं पीठ.